सावकाराच्या वहीपासून कर्ज एजंटच्या फोनपर्यंत : घराच्या गहाणाची गोष्ट

घर घ्यायचं ठरलं की दोन माणसं आपल्याकडे चकरा मारू लागतात. एक घर दाखवणारा आणि दुसरा कर्ज करून देणारा. पहिल्याशी आपण घासाघीस करतो, चार ठिकाणी त्याची चौकशी करतो. दुसरा मात्र "कागद द्या, बाकी मी बघतो" म्हणाला, की पॅन कार्डापासून पगाराच्या पावत्यांपर्यंत सगळं त्याच्या हाती देऊन मोकळे होतो. खरं तर पुढची वीस वर्षं महिन्याला किती रुपये जाणार, हे बरंचसं या दुसऱ्याच्या शब्दावर ठरतं. हा माणूस आला कुठून, त्याचं मीठ कोण देतं आणि तो चुकला तर जबाबदार कोण, हे आज बघू. सुरुवात पुणे जिल्ह्यातून करू आणि पोचू थेट चंदीगडच्या इंडस्ट्रियल एरियात.

सुपे, १२ मे १८७५

त्या दिवशी भीमथडी तालुक्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर हल्ला केला. जमावाला सगळ्यात आधी हवे होते ते कर्जरोखे. ते मिळवले आणि जाळले. इतिहासात याला 'दख्खनचे दंगे' म्हणतात. राग व्याजाचा होताच, पण त्याहून मोठं दुखणं कागदाचं होतं. कुळाला वाचता येत नव्हतं. रोख्यात काय लिहिलंय ते लिहिणाराच सांगणार, आणि लिहिणारा बहुधा सावकाराच्या बाजूचा.

सरकारनं आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. त्यातल्या तीन तरतुदी लक्षात ठेवा. शेतकऱ्याचा दस्त गावच्या निबंधकासमोर व्हायला हवा. सावकारानं पैसे मिळाल्याची पावती आणि हिशेब द्यायला हवा. आणि वाद कोर्टात गेला, तर न्यायाधीशानं नुसता रोखा न बघता मूळ व्यवहार कसा झाला याची चौकशी करायची. म्हणजे सही झाली एवढ्यानं भागत नाही, सही करणाऱ्याला काय कळलं होतं तेही महत्त्वाचं, हे तत्त्व आपल्याकडे दीडशे वर्षांपूर्वी मान्य झालं होतं.

गहाणाचे प्रकार आणि मुंबईची सोय

तीनच वर्षांनी, १८८२ मध्ये, मालमत्ता हस्तांतरण कायदा आला. आपल्या आजोबांच्या तोंडी असलेले शब्द त्यात कायद्याच्या भाषेत बसवले गेले : नजरगहाण, ताबेगहाण, मुदतखरेदी. मुदतखरेदीनं कितीतरी घराण्यांच्या जमिनी गेल्या. मुदतीत पैसे फेडले नाहीत की गहाणाची खरेदी होऊन जायची.

याच कायद्यात एक वेगळा प्रकार आहे. मूळ खरेदीखत सावकाराच्या हाती ठेवायचं, आणि तेवढ्यानंच गहाण पूर्ण. ही सोय मूळची मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या व्यापारी शहरांसाठी होती. पुढे अधिसूचना काढून इतर शहरं जोडली गेली. आज बँक तुमचे मूळ कागद ठेवून घेते ती याच वाटेनं. महाराष्ट्रात १ एप्रिल २०१३ पासून अशा गहाणाची सूचना तीस दिवसांत निबंधकाकडे नोंदवावी लागते, कारण तेच घर दोन बँकांकडे गहाण टाकण्याचे प्रकार होत होते.

एजंट कधी आला?

बराच काळ मध्यमवर्गीय माणूस घर बांधायचा ते निवृत्तीच्या वेळी, प्रॉव्हिडंट फंडाच्या पैशांतून. १९७७ मध्ये हसमुख ठाकोरदास पारेख यांनी मुंबईत एचडीएफसी सुरू केली, तेव्हा त्यांचं वय ६६ होतं. पहिलं कर्ज १९७८ मध्ये मालाडच्या एका घरासाठी गेलं, रक्कम ३०,००० रुपये. त्या काळी ग्राहक कर्जासाठी संस्थेच्या दारात जायचा.

१९९४ मध्ये रिझर्व्ह बँकेनं मोठ्या कर्जांचे व्याजदर ठरवण्याची मोकळीक बँकांना दिली. नव्या खासगी बँका आल्या, स्पर्धा लागली आणि कर्जच ग्राहकाच्या दारात येऊ लागलं. ते घेऊन येणारा माणूस म्हणजे डीएसए, डायरेक्ट सेलिंग एजंट. नावात 'सेलिंग' आहे, 'सल्लागार' नाही. आपण ज्याला आपला माणूस समजतो, तो बँकेसाठी विक्री करतो, आणि कर्ज वाटलं गेलं की त्याचं कमिशन बँक देते.

म्हणून तो वाईट ठरत नाही. चांगला एजंट चार बँकांचे नियम जाणतो, अर्ज कुठे अडकेल ते आधी सांगतो, तुमच्या सुट्ट्या वाचवतो. पण ज्या बँकेशी त्याचा करार नाही, तिचा दर कमी असला तरी तो सांगेलच असं नाही.

इंग्लंडमध्ये ३१ ऑक्टोबर २००४ पासून गृहकर्जाचा सल्ला देणारे नियामकाच्या कक्षेत आले. अमेरिकेत २००८ च्या कायद्यानं परवाना सक्तीचा झाला, आणि २०११ पासून ग्राहकाला जास्त व्याजाचं कर्ज गळ्यात मारलं म्हणून दलालाला जास्त कमिशन देण्यावर बंदी आली. आपल्याकडे २०१६ च्या रेरा कायद्यानं घर विकणाऱ्या एजंटला नोंदणी लावली. कर्ज देववणाऱ्याला तसा स्वतंत्र परवाना नाही. रिझर्व्ह बँकेनं २००६ मध्ये एवढं स्पष्ट केलं, की एजंटच्या वागण्याची जबाबदारी बँकेची.

आता चंदीगड

चंदीगडच्या आग्नेयेला, रेल्वेमार्गालगत, इंडस्ट्रियल एरिया फेज एक आणि दोन आहेत. कारखान्यांच्या शेजारी आता मॉल आणि मोटारींच्या शोरूम आहेत. समजा, बदलीवर गेलेलं एखादं मराठी कुटुंब तिथे नोकरीला लागून घर शोधतंय. शहरात घेतलं तर केंद्रशासित प्रदेशाचे नियम, मोहाली किंवा झिरकपूरला घेतलं तर पंजाबचे, पंचकुल्याला घेतलं तर हरियाणाचे. अर्ध्या तासाच्या अंतरात तीन सरकारं, तीन रेरा. इथे जाणत्या मध्यस्थाची खरी गरज लागते.

आणि फसगतही इथेच होते. या भागात मुखत्यारपत्रावर, म्हणजे जीपीएवर, घरं विकण्याची जुनी चाल होती. ११ ऑक्टोबर २०११ ला सर्वोच्च न्यायालयानं सूरज लॅम्प खटल्यात सांगितलं, की अशा कागदानं मालकी येत नाही. १० जानेवारी २०२३ ला त्याच न्यायालयानं चंदीगडच्या जुन्या सेक्टरांमध्ये एका घराचे मजल्यागणिक तुकडे पाडण्याला मनाई केली. अशा घराबद्दल "कर्ज होऊन जाईल" म्हणणारा एजंट कर्ज कदाचित करूनही देईल. पण कर्ज मंजूर होणं म्हणजे मालकी निर्वेध असणं नव्हे. बँकेचा वकील बँकेसाठी कागद तपासतो. तुमचा वकील तुम्हालाच शोधावा लागतो.

याच इंडस्ट्रियल एरियातली चार नंबरची कॉलनी मे २०२२ मध्ये पाडली गेली. पात्र कुटुंबांना मलोयात फ्लॅट मिळाले, पण भाड्यानं. डोक्यावर छप्पर आलं, हाती खरेदीखत नाही. म्हणजे ते घर गहाण टाकता येत नाही आणि कर्ज एजंटही त्या दारात जात नाही. कर्जाचा बाजार सुरू होतो तो मालकीच्या कागदापासून.

शेवटी

१ ऑक्टोबर २०२४ पासून बँकेला कर्जाआधी एक तक्ता द्यावा लागतो, 'की फॅक्ट स्टेटमेंट'. व्याज, शुल्क, विमा सगळं धरून वर्षाचा खरा खर्च किती, ते त्यात असतं, आणि तेही तुम्हाला कळणाऱ्या भाषेत. कर्ज फिटल्यावर मूळ कागद तीस दिवसांत परत मिळायला हवेत, उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. १८७९ च्या पावतीचा आणि हिशेबाचाच हा नवा अवतार आहे.

म्हणून एजंट जरूर वापरा, पण त्याला तीन गोष्टी विचारा. तुमचा करार कोणकोणत्या बँकांशी आहे? कमिशन कोण देतं, आणि माझ्याकडून वेगळे पैसे घेणार का? आणि तक्ता सहीच्या आधी मिळेल ना? मग ज्या बँकेचं नाव त्यानं घेतलं नाही, तिच्या शाखेत स्वतः एकदा जाऊन या. सुप्याच्या शेतकऱ्याला त्याचा कागद वाचता येत नव्हता. आपल्याला येतो, तर वाचूनच सही करू. भेटू पुढच्या भागात.