शंभर सीसीचे कोडे

काही महिन्यांपूर्वी आम्ही आष्ट्यातील विद्यार्थ्यांशी गप्पा मारायला गेलो होतो. विषय होता उष्णता आणि इंजिने. मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "सर, माझ्या मामाची जुनी यामाहा शंभर सीसीची हाय. पण चढाला ती दीडशे सीसीच्या गाडीला ऐकत न्हाई. मग नवं इंजिन सुधारलेलं कसं म्हणायचं?"

प्रश्न रास्त होता. त्याच्या उत्तरात आपल्या रस्त्यांवरच्या दुचाकींचा चाळीस वर्षांचा इतिहास दडला आहे.

आधी दट्ट्याची हालचाल पाहू. फोर-स्ट्रोक इंजिनात इंधनमिश्रण आत घेणे, दाबणे, जाळणे आणि धूर बाहेर टाकणे ही चार कामे दट्ट्याच्या चार स्ट्रोकमध्ये होतात. म्हणजे चाकदांड्याच्या दोन फेऱ्यांमागे एक ज्वलन. टू-स्ट्रोक इंजिनात हीच कामे दोन स्ट्रोकमध्ये उरकतात, म्हणजे दर फेरीला एक ज्वलन. शिवाय त्यात झडपा नाहीत. सिलिंडरच्या भिंतीतली भोके दट्ट्याच उघडतो आणि बंद करतो. सुटे भाग कमी, वजन कमी, किंमत कमी आणि दुरुस्ती सोपी.

म्हणूनच पुण्याजवळच्या आकुर्डीत १९७२ पासून बनू लागलेली बजाज चेतक टू-स्ट्रोक होती. पुढे १९८५ साली दोन जपानी घडणीच्या मोटारसायकली भारतात आल्या. एक फोर-स्ट्रोक हिरो होंडा सीडी-१००, दुसरी टू-स्ट्रोक यामाहा आरएक्स-१००. दोघींची इंजिने जवळजवळ सारख्याच आकारमानाची. पण पहिलीची ताकद सुमारे ७ अश्वशक्ती आणि दुसरीची ११. वेगाच्या शौकिनांनी कोणती निवडली असेल, हे सांगायला नको.

मात्र या ताकदीला एक गळती होती. टू-स्ट्रोकमध्ये ताजे मिश्रण आत येते, त्याच वेळी धुराची वाटही उघडी असते. धुराबरोबर ताज्या मिश्रणाचा बराचसा भाग न जळताच निघून जातो. यामाहाचा फुगीर सायलेन्सर ही गळती काही अंशी अडवी. बाहेर पडणाऱ्या धुराची दाबलहर त्याच्या निमुळत्या टोकावरून परत फिरे आणि निसटलेले मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकली. ध्वनीच्या परावर्तनाचा हा सुरेख उपयोग! पण ही लहर ठरावीक वेगालाच नेमकी वेळ साधते. एरवी पेट्रोल वाया जायचे ते जायचेच. त्यात वंगणाचे तेलही पेट्रोलबरोबर जळत असल्याने निळसर धूर निघे. उसाच्या हंगामात सांगली-पेठ रस्त्यावर ट्रॅक्टरमागे वाहने खोळंबत, तेव्हा हा धूर सायकलवरच्या शाळकरी मुलांच्या छातीत जाई.

१९९१ पासून भारतात वाहनांच्या धुरावर मर्यादा आल्या. १९९६ मध्ये दुचाकींना किलोमीटरमागे ४.५ ग्रॅम कार्बन मोनॉक्साइडची मुभा होती. २००० साली ती २ ग्रॅमवर आणि २०१० मध्ये १ ग्रॅमवर आली. न जळलेल्या इंधनावरची बंधनेही अशीच कडक होत गेली. गळक्या टू-स्ट्रोकला हे झेपणे कठीण होते. आरएक्स-१०० चे उत्पादन १९९६ मध्ये थांबले.

आता वेग संपला, असे अनेकांना वाटले. घडले मात्र वेगळेच. बजाजने २००१ मध्ये फोर-स्ट्रोक पल्सर आणली आणि २००३ मध्ये तिच्या सिलिंडरमध्ये एकाऐवजी दोन ठिणगी-प्लग बसवले. ही कल्पना नवी नव्हती, विमानांच्या इंजिनांत ती पूर्वीपासून होती. ज्योत दोन बाजूंनी निघाली की तिला कमी अंतर कापावे लागते आणि मिश्रण लवकर व पुरते जळते. २०१२ च्या पल्सर २००-एनएसमध्ये तीन प्लग, चार झडपा आणि पाण्याने थंड होणारे इंजिन आले.

आता आकडेमोड करू. आरएक्स-१०० चे ९८ सीसी आणि ११ अश्वशक्ती, म्हणजे लिटरमागे सुमारे ११२. पहिल्या पल्सर १५० चे १४४ सीसी आणि १२ अश्वशक्ती, म्हणजे लिटरमागे ८३. तेव्हा मामांची बढाई अगदीच पोकळ नाही! पण २००-एनएसचे १९९.५ सीसी आणि २३.५ अश्वशक्ती, म्हणजे लिटरमागे ११८. शिवाय यामाहा ही ताकद मिनिटाला ७५०० फेऱ्यांवर, म्हणजे ७५०० ज्वलनांतून देते. एनएसच्या ९५०० फेऱ्यांत ज्वलने होतात फक्त ४७५०. म्हणजे तेवढ्याच आकारमानात तिचे प्रत्येक ज्वलन दीडपटीहून अधिक काम करते.

ही गोष्ट केवळ दुचाकींची नाही. ऑस्ट्रेलियात १९७१ ची फोर्ड फाल्कन जीटी-एचओ ही वेगवान मोटार ५.८ लिटरच्या आठ सिलिंडरांवर धावे. १९७६ च्या धूरनियमांनंतर तिथेही शौकिनांनी हळहळ व्यक्त केली. पण २००२ मध्ये चार लिटरच्या सहा सिलिंडरांनी, टर्बोचार्जरच्या मदतीने, २४० किलोवॅट ताकद दिली.

आम्ही त्या मुलाला एवढेच सांगितले, "तुझ्या मामांची गाडी चपळ आहे, हे खरे. पण तिने वाया घालवलेले पेट्रोल मागच्याच्या श्वासात जाते. नव्या इंजिनाने तेच पेट्रोल आत जाळून ताकद मिळवली आहे."

शिक्षकांनी गावातल्या गॅरेजमधून टू-स्ट्रोक आणि फोर-स्ट्रोक असे दोन मोडीतले सिलिंडर वर्गात जरूर आणावेत. झडपा कुठे आहेत आणि भोके कुठे आहेत, हे मुलांना स्वतः शोधू द्यावे. मग वरची आकडेमोड फळ्यावर त्यांच्याकडूनच करून घ्यावी.