बंगल्याची मागची पडवी : बेळगाव कॅम्पातील इंग्रज कुटुंबांचे घरगुती जीवन

बेळगावच्या कॅम्प भागातून पायी फिरले असता प्रशस्त आवार, कौलारू छप्पर आणि खांबांची रुंद पडवी असलेला एखादा जुना बंगला आजही दृष्टीस पडतो. १८६९ च्या सुमाराचे सेंट मेरी चर्च, क्लब रोडसारखे लोकांच्या तोंडी राहिलेले नाव आणि ख्रिस्ती दफनभूमीतील जुने दगड, एवढ्या खुणा एका गेलेल्या वसाहतीची आठवण देतात. त्या वसाहतीच्या लढायांचा आणि कारभाराचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला. परंतु तेथील कुटुंबे कशी राहत, काय खात, मुले कशी वाढवीत, याविषयी आपल्याकडे फारसे लेखन झालेले नाही. आमच्या कंग्राळीसारख्या भोवतालच्या गावांचा त्या घरांशी रोजचा संबंध होता. तो मात्र सदैव मागील दाराने. म्हणून प्रस्तुत लेखात त्या घरांकडे आम्ही मागील पडवीतूनच पाहणार आहोत.

पेशवाईच्या अखेरीस, एप्रिल १८१८ मध्ये, थॉमस मन्रो याने बेळगावचा किल्ला घेतला. हा मुलूख प्रथम मद्रास इलाख्याच्या कारभाराखाली होता; १८३० मध्ये तो मुंबई इलाख्याकडे आला आणि १८३६ मध्ये धारवाडपासून वेगळा होऊन बेळगाव जिल्हा अस्तित्वात आला. समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट उंची, उन्हाळ्यातही सुसह्य हवा, पाण्याची सोय आणि कोकणच्या घाटवाटांचे सान्निध्य, या कारणांनी येथे मोठी छावणी वसली. एका बाजूला किल्ला, दुसऱ्या बाजूला छावणी आणि मध्ये आपली पेठ, अशी गावाची रचना झाली. पलटणीमागोमाग अधिकाऱ्यांच्या बायका आल्या, मुले आली, धर्मोपदेशक आले. लंडन मिशनचे जोसेफ टेलर १८२० मध्येच येथे आले होते. त्यांच्यानंतर आलेल्या बेनन यांचे नाव बेनन स्मिथ शाळेच्या रूपाने आपल्या परिचयाचे आहे. सेंट पॉल्स शाळाही १८५६ मधील.

विलायतेहून येथवर पोहोचणे हेच एक दिव्य असे. सुएझचा कालवा १८६९ मध्ये खुला झाला. त्यापूर्वी आफ्रिकेला वळसा घालून येणाऱ्या जहाजाला कित्येक महिने लागत. मुंबईहून गलबताने किंवा बोटीने वेंगुर्ले बंदर गाठावयाचे आणि तेथून रामघाटाच्या, पुढील काळात आंबोलीच्या वाटेने बैलगाड्यांतून अथवा पालखीतून वर चढावयाचे, असा हा प्रवास होता. पियानो, काचसामान, दारूच्या पेट्या, सारे याच वाटेने येई. १८८७ मध्ये सदर्न मराठा रेल्वे बेळगावला पोहोचली आणि हे चित्र पालटले. पुढे १८९१ मध्ये मुंबईत आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सची शाखा निघाली. तिच्या जाडजूड सूचिपत्रातून डबाबंद मासळीपासून मुलांच्या बुटांपर्यंत कोणतीही वस्तू निवडावी आणि आगगाडीने मागवावी, अशी सोय झाली.

बंगला हा शब्दच मुळी बंगालचा. तेथील झोपडीवजा घराचे नाव साहेबाने उचलले आणि हिंदुस्थानभर फिरविले. उंच जोते, मध्ये दिवाणखाना, दोहों बाजूंस निजावयाच्या खोल्या आणि सभोवार पडवी, असा त्याचा साचा असे. १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि पुढे मंगळुरी कौले आपल्या भागातही सर्रास दिसू लागली. स्वयंपाकघर बंगल्यापासून दूर असे. धूर, उष्णता आणि वास घरात येऊ नयेत हा हेतू. परंतु त्यामुळे बाईंच्या मेजावर अन्न बहुधा निवूनच पोहोचे. मुंग्यांपासून रक्षण व्हावे म्हणून जाळीच्या कपाटाचे पाय पाण्याने भरलेल्या वाट्यांत ठेवीत. बेळगावचा पाऊस तर प्रसिद्धच आहे. जून महिना लागला की बुटांवर बुरशी चढे, पुस्तकांना कसर लागे, आणि विलायतेतील घराप्रमाणे खोलीत विस्तव पेटवून कपडे वाळवावे लागत.

नोकरांचा ताफा पाहून आज आपल्याला नवल वाटेल. बटलर, स्वयंपाकी, भांडी घासणारा मशालजी, घरातील वरकामाचा हमाल, मुलांची आया, पाणी आणणारा भिस्ती, धोबी, शिंपी, माळी, घोड्याचा मोतद्दार, गवत आणणारा, पंखा ओढणारा आणि सफाई करणारा. मजुरी स्वस्त होती हे एक कारण. जातीच्या बंधनांमुळे एकाचे काम दुसरा करीत नसे हे दुसरे. बटलर व आचारी बहुधा गोव्याकडील ख्रिस्ती असत. बाहेरून आलेली अशी कित्येक कुटुंबे कॅम्पच्या आश्रयाने येथे आली आणि इंग्रज गेल्यावरही येथेच राहिली, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

या ताफ्यावर हुकमत चालवावयाची ती वीस-बावीस वर्षांच्या, नुकत्याच बोटीतून उतरलेल्या मुलीने. तिच्या मार्गदर्शनासाठी फ्लोरा ॲनी स्टील आणि ग्रेस गार्डिनर या दोन अनुभवी बायकांनी १८८८ च्या सुमारास गृहव्यवस्थेवर एक ग्रंथच लिहिला. कोठीला कुलूप असावे, रोजचा शिधा मालकिणीने स्वतः मोजून द्यावा, हिशेब रोज तपासावा, आणि नोकरांना समजेल इतकी त्यांची भाषा शिकावी, असा त्यातील उपदेशाचा रोख होता. शेवटचा उपदेश फारच थोड्या जणींनी मनावर घेतला. बहुतेकींची भाषा मोडक्या हिंदुस्थानीतील आज्ञार्थी क्रियापदांवर संपत असे. 'आण', 'ने', 'जा', 'लवकर' एवढ्यावर ज्यांचा संसार चालला, त्यांना आपल्या माणसांचे मन कसे कळावे? बाजारहाटात नोकराची दस्तुरी ठरलेली असे. बाई तिला चोरी म्हणत आणि नोकर तिला हक्क म्हणत. दोघेही ते बोलून दाखवीत नसत, म्हणून संसार चाले.

दिवस उजाडण्यापूर्वी छोटी हाजिरी, म्हणजे चहा आणि एखादे फळ. मग घोड्यावरून रपेट. नंतर स्नान आणि न्याहारी. साहेब कचेरीस किंवा कवायतीस गेले की बाई पत्रे लिहीत बसत. दुपारी टिफिन आणि निद्रा, सायंकाळी बँड ऐकणे, टेनिस, क्लब, आणि रात्री पोशाख करून जेवण. नव्याने आलेल्या कुटुंबाने प्रथम घरोघर जाऊन आपल्या नावाची कार्डे टाकावयाची, असा दंडक होता. त्यासाठी फाटकाशी लहानशी पेटी टांगलेली असे. मेजवानीत कोणाच्या बाईने कोणाच्या आधी बसावे, हे पतीच्या हुद्द्यावरून ठरे. आपल्याकडील मानपानाला हसणारे हे लोक या बाबतीत आपल्या वरचढच होते.

हे झाले अधिकाऱ्यांचे. साध्या गोऱ्या शिपायाचा संसार अगदी निराळा होता. पलटणीतील ठरावीक संख्येच्या शिपायांनाच लग्नाची अधिकृत परवानगी मिळे. स्वतंत्र खोल्या बांधल्या जाण्यापूर्वी अशी जोडपी बराकीच्या एका कोपऱ्यात पडद्याच्या आडोशाने राहत. नवरा कॉलऱ्याने वा तापाने गेला की बायकोचा शिधा काही महिन्यांतच बंद होई. म्हणून सुतक फिटण्याआधीच तिला दुसऱ्या शिपायाशी लग्न करावे लागे. साहेब म्हटला की सुखी, अशी आपली समजूत आहे. ती बंगल्यापुरती खरी असेल, बराकीपुरती खचित नव्हती.

भीतीही सर्वांच्या वाट्याला होती. १८२४ मध्ये कित्तूरच्या लढाईत धारवाडचा कलेक्टर थॅकरे मारला गेला आणि स्टीव्हन्सन व इलियट हे त्याचे साहाय्यक राणी चन्नम्मांच्या कैदेत पडले. ३१ जुलै १८५७ रोजी कोल्हापुरात २७ व्या पलटणीने उठाव केला, तेव्हा बेळगावच्या बंगल्यांतही झोप उडाली. परंतु त्यांचा खरा शत्रू रोग हा होता. मुंबई बेटावर आलेल्या इंग्रजाचे आयुष्य दोन पावसाळ्यांचे, अशी म्हणच त्यांच्यात फार पूर्वीपासून रूढ होती. छावण्यांच्या जुन्या दफनभूमींत फिरावे, तर लहान मुलांच्या थडग्यांची संख्या पाहून मन विषण्ण होते. १९७६ मध्ये विलायतेत दक्षिण आशियातील अशा दफनभूमींच्या जतनासाठी एक संस्था स्थापन झाली. तीस वर्षांपूर्वी सोडलेल्या देशातील थडग्यांची आठवण त्यांना राहावी, यातच सर्व काही आले.

जी मुले जगत, त्यांचाही वियोग ठरलेला. सात-आठ वर्षांचे झाले की मूल विलायतेस पाठवावयाचे. हवा हे एक कारण आणि भाषा हे दुसरे. आयेच्या कडेवर वाढलेले मूल तिचीच बोली आधी बोले, आणि इंग्रजीला देशी हेल चिकटेल, ही आईबापांना मोठी धास्ती असे. मग पाच-पाच वर्षे भेट नाही. ज्यांना हा खर्च परवडत नसे, त्यांची मुले येथेच शिकत. प्रसिद्ध विनोदी लेखक स्पाइक मिलिगन हा असाच तोफखान्यातील एका शिपायाचा मुलगा. तो १९१८ मध्ये तेव्हाच्या अहमदनगरला जन्मला आणि त्याचे बालपण पुण्यात गेले.

या सर्वांच्या बोलण्यात 'घर' याचा अर्थ विलायत असाच असे. तीन-तीन पिढ्या हिंदुस्थानात नोकरी केलेली घराणीही येथल्या घराला बंगलाच म्हणत. सामानाच्या पेट्या कधी पुरत्या उघडल्या गेल्याच नाहीत.

आता आमच्या मागील पडवीकडे वळतो. आमचे आजोबा तरुणपणी कंग्राळीहून पहाटे पायी निघून कॅम्पात दूध घालीत असत. स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी त्या बंगल्यातील कुटुंब परतले. जाताना बाईंनी त्यांना निळ्या चित्रांची एक चिनी मातीची बशी आणि एक चिठ्ठी दिली. चिठ्ठी हा शब्दही त्यांनी आपलाच उचललेला. नोकर-गड्यांना द्यावयाच्या शिफारशीस ते 'चिट' म्हणत. बशी आजीने स्वयंपाकघरात कधी येऊ दिली नाही. ती गोठ्याच्या दिवळीत राहिली. साहेबाच्या घरात आजोबा मागील पडवीच्या पुढे गेले नाहीत, आणि साहेबाची बशी आमच्या गोठ्याच्या पुढे आली नाही. उंबरठे दोन्हीकडे होते, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

चिठ्ठी जमिनीच्या कागदांसोबत पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलेली होती. आम्ही हायस्कुलात जाऊ लागलो, तेव्हा आजोबांनी ती काढून आमच्या हाती दिली. तीत मजकूर अवघा दोन ओळींचा होता. दूधवाला वेळेवर येतो. दुधात पाणी घालतो, पण इतरांपेक्षा कमी. आम्ही अडखळलो आणि म्हणालो, "वेळेवर येतो, असं लिहिलंय."

"आनि पान्याचं काय लिवलंय?" आजोबांनी हसत विचारले. त्यांना सर्व ठाऊक होते. थोडा वेळ थांबून त्यांनी पुन्हा विचारले, "माजं नाव लिवलंय काय रं?"

नाव नव्हते. 'दूधवाला' एवढेच होते. मग आम्ही त्यांना बाईंचे नाव विचारले. तेही त्यांना सांगता आले नाही. ते सदैव 'मडम' म्हणत. चिठ्ठीखाली सही होती, तीही लागत नव्हती. कित्येक वर्षे रोज पहाटे समोरासमोर आलेली ही दोन माणसे एकमेकांच्या नावावाचून निरोप घेऊन गेली.

पुढे सरकारी नोकरीत आमचा सारा जन्म नोंदी करण्यात आणि तपासण्यात गेला. ज्याची नोंद नाही, त्याचा हक्क सिद्ध करताना काय यातायात पडते, हे आम्ही पदोपदी पाहिले. म्हणूनच त्या चिठ्ठीतील रिकामी जागा आम्हांस आज अधिक बोचते. साहेबांच्या आठवणींच्या पुस्तकांत आपली माणसे आया, बटलर, माळी म्हणून येतात. नावाने क्वचितच येतात. परंतु त्यांना दोष देऊन आपण मोकळे होऊ शकत नाही. आपणही त्यांची नावे विचारली नाहीत, आणि आपल्या माणसांची लिहून ठेवली नाहीत.

२८ फेब्रुवारी १९४८ रोजी शेवटची ब्रिटिश पलटण मुंबईहून बोटीत बसली. पेट्या बांधलेल्याच होत्या. आपली घराणी मात्र कोणी कोल्हापूरकडून, कोणी सावंतवाडीकडून, कोणी घाटाखालून आली आणि या मातीत रुजली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्याची सीमा बदलली, पण आपण पेट्या बांधल्या नाहीत. आपल्यात आणि त्यांच्यात हा मोठा भेद आहे. तरीही दफनभूमीतील त्या लहानग्यांना परके म्हणवत नाही. ती तर कायमची येथेच राहिली.

वाचकांना एक विनंती करून लेख पुरा करतो. आपल्या घरातील जुन्या पेटीत अशी एखादी चिठ्ठी, दुधाचा वा गवताचा हिशेब, एखादी बशी असेल, तर ती टाकून देऊ नये. ती ज्यांना मिळाली, त्यांचे पूर्ण नाव, गाव आणि काम एका कागदावर लिहून तिच्यासोबत ठेवावे. आमच्या आजोबांच्या चिठ्ठीच्या पाठीमागे त्यांचे नाव आम्ही परवा लिहिले. त्यास फार उशीर झाला हे खरे, पण जागा अजून रिकामी होती.