पिंपरीत एक पाळी

सायकलवरून उतरा, नाहीतर मागून येणारे तुम्हाला चेंगरतील. साल १९६१ च्या आसपासचं. पिंपरीतल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या औषध कारखान्याच्या फाटकात पाळी बदलतेय. सायकलींच्या घंट्या, डब्यांचा खडखडाट, "ए, सरक की जरा!" आणि रेट्यासरशी तुम्ही आत.

पहिला तडाखा नाकाला. आंबोण, ओलसर बुरशी आणि वर सॉल्व्हंटची गोडसर झाक. पेनिसिलिनच्या टाक्यांजवळ वाफेने सदरा पाठीला चिकटतो. कॉम्प्रेसर असे घणघणतात की शेजारचा कामगार कानाशी येऊन ओरडतो, "हात लावू नका, भाजेल!"

तुम्हाला जायचंय प्रयोगशाळेत. डॉ. थिरुमलाचार यांच्या चमूने स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना या सूक्ष्मजीवापासून हॅमायसिन हे बुरशीनाशक औषध मिळवलंय. समोरची काचेची बशी उचलून नाकाशी नेलीत? "अहो, हुंगताय काय!" सहायक खेकसतो. ठेवा खाली, वाकून बघा. दुधी रंगाची कॅन्डिडा ही बुरशी बशीभर पसरलीय; औषध ठेवलंय तिथे मात्र भोवती स्वच्छ कडं, आत एक ठिपका नाही.

असं का, हे पाहायचं तर लहान व्हा, पार रेणूएवढे. तुमच्यासमोर बुरशीच्या पेशीचं आवरण आहे: दोन थरांत दाटलेले स्निग्ध रेणू, फाटकातल्यासारखेच ढुसण्या देणारे. मधे मधे बुरशीचं स्टेरॉल, अर्गोस्टेरॉल, घट्ट बसलंय. हॅमायसिनचा लांबट रेणू येतो आणि नेमकं त्यालाच धरतो. आवरण गळू लागतं, आतलं पोटॅशियम बाहेर सुटतं, बुरशी संपते.

तुमच्या पेशींत त्या जागी कोलेस्टेरॉल असतं. दोघांत फरक थोडा, पण औषधाची पकड अर्गोस्टेरॉलवर जास्त घट्ट. म्हणून तान्ह्याच्या जिभेवरचा कॅन्डिडाचा पांढरा थर जातो आणि तान्हं मजेत राहतं. फरक थोडाच, म्हणून याच कुळातलं अॅम्फोटेरिसिन शिरेतून दिलं की मूत्रपिंडांना झळ बसू शकते.

तेव्हा प्रयोगशाळेतल्या बरणीतली हॅमायसिनची पिवळी पूड चाखायचा विचार सोडा. कँटीनमध्ये वाफाळता चहा मिळतोय, तो घ्या. मात्र आधी साबणाने हात धुवा. मघाशी उचललीत ती बशी कॅन्डिडाची होती.