पेन्शन : मर्जी कीं हक्क ?

पेन्शन हा शब्द आपल्या घरांतून इतका रुळला आहे कीं, त्याच्या मागें एक मोठा वाद होऊन गेला याची आठवण फारशी कोणास राहिलेली नाहीं. निवृत्त माणसास मिळणारा पैसा देणाऱ्याच्या मर्जीचा, कीं घेणाऱ्याच्या हक्काचा, असा तो वाद. आणि त्याची एक कटु प्रचीति आपल्याच इतिहासांत आलेली आहे.

सन १८१८ त दुसरा बाजीराव शरण गेला, तेव्हां कंपनीनें त्यास सालीना ८ लाख रुपयांचा तनखा बांधून ब्रह्मावर्तास ठेवलें. १८५१ त तो वारतांच तनखा बंद झाला. दत्तकपुत्र नानासाहेबांनीं अर्ज केले, अझिमुल्लाखानास वकील म्हणून विलायतेस धाडलें. पण सर्व व्यर्थ. तनखा बाजीरावाच्या हयातीपुरताच होता, हें कंपनीचें उत्तर ठरलेलें होतें. ज्यानें दिलें त्यानेंच नाकारलें, आणि फिर्यादहि त्याच्याच दारीं ! १८७१ च्या पेन्शन-कायद्यानें तर ही स्थिति अक्षरांत बांधली : कलेक्टरादि अधिकाऱ्याच्या दाखल्यावांचून पेन्शनविषयींचा दावा दिवाणी कोर्टानें घेऊंच नये.

स्वराज्य आलें तरी ही समजूत लगेच गेली नाहीं. बिहारच्या शिक्षणखात्यांतील देवकीनंदन प्रसाद यांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें १९७१ सालीं सांगितलें कीं, पेन्शन ही सरकारची बक्षिसी नव्हे, तो हक्क आहे. पुढें २५ मे १९७९ रोजीं केंद्र सरकारनें पेन्शनचा हिशेब अधिक उदार केला. पण ३१ मार्च १९७९ रोजीं किंवा त्यानंतर निवृत्त होणाऱ्यांपुरताच. त्या तारखेच्या आदल्या दिवशीं घरीं बसलेला कारकून आणि एका दिवसानें मागाहून बसलेला त्याचा शेजारी, यांच्यामध्यें अशी भिंत उभी राहिली. तांदूळ मात्र दोघांनाहि एकाच भावानें घ्यावा लागे.

संरक्षणखात्यांतून १९७२ सालीं निवृत्त झालेले आर्थिक सल्लागार डी. एस. नकारा यांनीं न्यायालयांत धांव घेतली. त्यांच्या जोडीस एच. डी. शौरी यांची 'कॉमन कॉज' ही संस्था अर्जदार होती. या खटल्यांतील खरें मर्म मला येथें दिसतें. एकट्या म्हाताऱ्यास वकिलाची फी झेपत नाहीं. निकाल लागेपर्यंत आयुष्य पुरेल याची शाश्वति नसते. आणि आपणांवर अन्याय झाला आहे हेंच पुष्कळांच्या गांवीं नसतें. या संस्थेस दावा करण्याचा अधिकार काय, असा सरकारचा आक्षेप होता. न्यायालयानें तो मानला नाहीं. १७ डिसेंबर १९८२ रोजीं सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड (हे मूळचे पुण्याचेच) यांच्या अध्यक्षतेखालीं पांच न्यायमूर्तींनीं ती तारखेची भिंत पाडली. निकालपत्र न्या. डी. ए. देसाई यांनीं लिहिलें. मागची थकबाकी मिळाली नाहीं, परंतु ३१ मार्च १९७९ पासून पुढें सर्वांस एकच हिशेब लागू झाला. १७ डिसेंबर हा दिवस पेन्शनरांचे संघ आजहि पाळतात.

हक्क सिद्ध झाला. तो ठाऊक असणें ही गोष्ट निराळी. १९८५ सालीं केंद्र सरकारांत पेन्शनरांसाठीं स्वतंत्र खातें निघालें. २००७ पासून त्याच्या इंटरनेटवरील 'पेन्शनर्स पोर्टल'वर नियम वाचतां येतात व तक्रारहि नोंदवितां येते. २०१४ पासून 'जीवन प्रमाण'च्या योगें हयातीचा दाखला घरबसल्या धाडतां येतो; नोव्हेंबरांत बँकेच्या पायऱ्या चढण्याचा त्रास त्यानें पुष्कळ वांचविला आहे.

तथापि अज्ञान संपलें आहे असें म्हणवत नाहीं. केंद्र सरकारच्या पेन्शनरास ८० वर्षें पुरीं झालीं कीं मूळ पेन्शनवर २० टक्के अधिक मिळतात. ८५ व्या वर्षीं ३०, नव्वदीस ४०, ९५ व्या वर्षीं ५० आणि शंभरीस १०० टक्के. कुटुंब-पेन्शन घेणाऱ्या विधवेसहि हाच नियम आहे. पण तिची जन्मतारीख कागदोपत्रीं नसली तर ही वाढ अडून राहते. आजोबांच्या पेन्शनचा आदेश बहुधा कपाटांतल्या जुन्या पाकिटांत असतो. त्यावर आजीची जन्मतारीख आहे कीं नाहीं, एवढें पाहण्यास नातवंडांना पांच मिनिटें पुरतील.