मयूरशिखेची ओळख आणि फ्लेव्होनॉइडांचे मापन

जबलपूर : खडकांच्या कपारींत आणि जुन्या भिंतींच्या भेगांत वाढणारा, पंख्याच्या आकाराच्या पानांचा वीतभर नेचा म्हणजे मयूरशिखा. त्याचे शास्त्रीय नाव ॲक्टिनिऑप्टेरिस रेडिएटा. पारंपरिक वैद्यकात त्याचा वापर होतो. मात्र ‘मयूरशिखा’ याच नावाने कोंबड्याची फुले येणारी, नेच्याशी काहीही नाते नसलेली वनस्पतीही ओळखली जाते. वाळवून चुरा झालेल्या मालात हा फरक डोळ्यांना दिसत नाही. म्हणूनच रासायनिक ओळखीला महत्त्व येते.

या नेच्यात रुटिन हे फ्लेव्होनॉइड आढळते. त्याचा शोध घेण्यासाठी पानांच्या चूर्णाचा मिथेनॉलमध्ये अर्क काढून तो सिलिका जेलच्या पातळ थरावर, शुद्ध रुटिनच्या शेजारी, चढविला जातो. योग्य अभिकारक फवारून ३६६ नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात पाहिल्यास रुटिनचा पट्टा नारिंगी-पिवळा चमकतो. तथापि रुटिन कुट्टूसह अनेक वनस्पतींत असते. त्यामुळे एका पट्ट्यावरून ओळख ठरत नाही. सर्व पट्ट्यांचा क्रम अस्सल, तज्ज्ञांनी ओळखलेल्या नमुन्याशी जुळावा लागतो.

एकूण फ्लेव्होनॉइडांच्या मापनासाठी ॲल्युमिनियम क्लोराइडची रीत रूढ आहे. पिवळा रंग उमटतो व त्याची तीव्रता बहुधा ४१५ नॅनोमीटरला मोजतात. येथे एक गफलत नेहमी होते. रुटिन म्हणजे क्वेर्सेटिनला जोडलेली शर्करा. त्याचा रेणुभार सुमारे ६१०, तर क्वेर्सेटिनचा ३०२. त्यामुळे तेवढेच रेणू रुटिनच्या वजनात सांगितले तर आकडा जवळपास दुप्पट होतो. कोणत्या प्रमाणद्रव्याच्या तुलनेत, हे न लिहिलेला आकडा निरुपयोगी ठरतो.

अशा परीक्षणाचा संबंध जबलपूरशी विशेष आहे. राज्य वन संशोधन संस्था (स्थापना १९६३) आणि उष्णकटिबंधीय वन संशोधन संस्था (१९८८) या दोन्ही येथे आहेत. दुसरीच्या कार्यक्षेत्रात महाराष्ट्रही येतो. औषधासाठी मयूरशिखा बहुधा मुळासकट उपटली जाते. पाने आणि भूमिगत खोड यांचे मापन वेगवेगळे केल्यास, केवळ पाने खुडून काम भागते का, याचे उत्तर मिळू शकते; तसे असल्यास खोड कपारीतच राहील आणि पुढच्या पावसात पुन्हा फुटेल.