जनाबाईचे जाते आणि ग्रंथाची वाट

परभणी जिल्ह्यातील गंगाखेड हे गोदावरीकाठचे गाव संत जनाबाईचे जन्मस्थान म्हणून प्रसिद्ध आहे. परंपरेप्रमाणे तिच्या पित्याचे नाव दमा व मातेचे करुंड. लहानपणीच ती पंढरपुरास दामाशेटी शिंपी यांच्या घरी आली आणि त्यांचे पुत्र नामदेव यांची दासी म्हणून तिने आपले सारे आयुष्य तेथे घालविले. तिचे समाधिवर्ष शके १२७२ (इ. स. १३५०) असे मानतात. जातीने शूद्र, आईबापांवाचून पोरकी आणि दास्यात वाढलेली, अशा या स्त्रीस धर्मग्रंथाचा आधार कोणत्या वाटेने मिळाला, हा प्रश्न केवळ चरित्राचा नाही. मराठी भाषेच्या इतिहासाशीही तो निगडित आहे.

वेदाध्ययनाचा अधिकार स्त्रीशूद्रांस नव्हता, हे सर्वश्रुत आहे. शके १२१२ (इ. स. १२९०) मध्ये नेवासे येथे ज्ञानेश्वरांनी गीतेवरील आपली टीका सांगितली. तिच्या अठराव्या अध्यायात या अन्यायाची स्पष्ट दखल आहे. वेद संपन्न खरा, परंतु तो तीनच वर्णांच्या कानी लागला, म्हणून कृपण ठरला. त्या उणेपणाची भरपाई करण्यासाठी तो गीतारूपाने पुन्हा प्रकट झाला, असा तेथील आशय आहे. या विचाराइतकेच महत्त्व त्यासाठी निवडलेल्या छंदाला द्यावयास हवे. ज्ञानेश्वरीच्या सुमारे नऊ हजार ओव्या ज्या छंदात आहेत, त्याचे मूळ पंडितांच्या सभेत नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ११२९ च्या सुमारास रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात, महाराष्ट्रातील स्त्रिया धान्य कांडताना ओवी गातात, असा उल्लेख आढळतो. म्हणजे ज्ञानेश्वरीच्या पूर्वी किमान दीडशे वर्षे ओवी हे कष्टकरी स्त्रियांचे गाणे होते. गीतेचे तत्त्वज्ञान मराठीत आले ते उखळ-मुसळाच्या तालावर घडलेल्या छंदातून आले, असे म्हणावयास प्रत्यवाय नाही.

या पार्श्वभूमीवर जनाबाईचे अभंग वाचले असता त्यांचा विशेष ध्यानात येतो. नामदेवाच्या गाथेत तिच्या नाममुद्रेचे सुमारे साडेतीनशे अभंग समाविष्ट आहेत. त्यांत दळण, कांडण, झाडलोट, पाणी आणणे, शेण्या वेचणे, धुणे धुणे ही कामे वारंवार येतात, आणि प्रत्येक कामात विठ्ठल तिचा सोबती होतो. तो जात्याचा खुंटा धरतो, केर भरतो, तिची वेणीही घालतो. येथे देव कष्ट नाहीसे करीत नाही, हे लक्षात घेतले पाहिजे. पहाटेचे दळण पहाटेच राहते; पालटते ते एवढेच की, दळणारी एकटी राहत नाही. जनाबाईच्या आशेचे स्वरूप हेच होय.

ही आशा दीनवाणीही नाही. आईबाप गेले, आता तूच सांभाळ, अशी विनवणी करणारी जनाबाई दुसऱ्या अभंगात विठ्ठलाला शिव्या देते, त्याच्याशी भांडते. डोईवरचा पदर खांद्यावर आला तरी भरल्या बाजारात जाईन, असा निर्धारही ती बोलून दाखविते. ज्ञानेश्वरांस ती सखा म्हणते आणि मरणानंतर त्यांनी आपल्या पोटी जन्म घ्यावा, अशी इच्छा व्यक्त करते. धर्मग्रंथ मराठीत आणणाऱ्या पुरुषाची माता होऊ पाहणारी ही दासी आपणास ग्रंथाच्या दारात उभी असलेली याचक समजत नव्हती, हे यावरून स्पष्ट होते.

जनाबाईच्या वचनांच्या लेखनाविषयीची परंपरा येथे विचारात घेण्याजोगी आहे. ज्ञानेश्वरीचा लेखक सच्चिदानंदबाबा होता, असे त्या ग्रंथाच्या अखेरीस सांगितले आहे. जनीचे शब्द मात्र प्रत्यक्ष पांडुरंगाने लिहिले, असे वारकरी मानतात. ज्या स्त्रीजवळ लेखणी नव्हती, तिला लोकांनी सर्वांत थोर लेखक दिला.

पुढे या दोन्ही पाठांचे भाग्य भिन्न झाले. पाठांतराने आणि नकलांनी ज्ञानेश्वरीत अशुद्धे शिरली, तेव्हा एकनाथांनी शके १५०६ (इ. स. १५८४) मध्ये पैठण येथे तिचा पाठ शुद्ध केला आणि त्यात कोणी आपली ओवी घालू नये, अशी ताकीद दिली. जनाबाईच्या अभंगांस असा संशोधक लाभला नाही. त्यांची भाषा ज्ञानेश्वरीच्या मानाने पुष्कळ अर्वाचीन दिसते. जुनी विभक्तिरूपे व क्रियारूपे त्यांत विरळ आढळतात, आणि मूळ रचना कोणती व मागाहून जोडलेली कोणती, हे भाषेच्या आधारे ठरविणे दुर्घट होते. पाठचिकित्सेच्या दृष्टीने ही हानी खरी. परंतु तिचे कारण उपेक्षा नव्हे. हे अभंग पोथीच्या बासनात राहिले नाहीत. ते प्रत्येक पिढीच्या तोंडी फिरले आणि प्रत्येक पिढीने त्यांत आपली भाषा मिसळली. सोवळ्यात ठेवलेला पाठ शुद्ध राहतो. वापरातला पाठ बदलतो.

या वापराचा पुरावा परभणी जिल्ह्यातच मिळतो. विसाव्या शतकाच्या अखेरीस हेमा राईरकर व गी प्वातव्हँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. पूर्णा तालुक्यातील ताडकळस येथे एका स्त्रीने गायिलेल्या ओव्या त्या संग्रहात आहेत. त्यांत सीतेचा वनवास आणि तिचे एकाकीपण हा विषय येतो. रामायण येथे राजपुत्राच्या पराक्रमाची कथा म्हणून येत नाही. टाकून दिलेल्या बाईचे दुःख ओळखणारा ग्रंथ, या नात्याने ते जात्याशी येऊन बसते. जनाबाईने देवाला दळावयास बसविले. ताडकळसच्या ओवीने सीतेला शेजारीण केले. दोहोंची रीत एकच आहे.

पिठाच्या गिरण्या आल्या आणि जाते घरातून गेले. बायकांच्या हातांचे श्रम वाचले, याविषयी खेद करण्याचे कारण नाही. परंतु त्याबरोबर पहाटेची ती पाठशाळाही बंद झाली, याची नोंद भाषेच्या इतिहासात राहिली पाहिजे. मराठीतील ग्रंथनिष्ठेचा इतिहास केवळ हस्तलिखितांच्या आधारे लिहिला, तर गंगाखेडच्या दासीस आणि ताडकळसच्या गायिकेस त्यात स्थान उरणार नाही. ज्यांना ग्रंथ उघडण्याचा अधिकार नव्हता, त्यांनीच तो सर्वांत अधिक काळ तोंडपाठ ठेवला.