डोंगरी ते मुंब्रा : चाळीस किलोमीटरचा हिशेब

गेले दोन महिने आम्ही घर शोधतोय. मुलीला अकरावीला भायखळ्याच्या अलीकडच्या एका कॉलेजात प्रवेश मिळालाय. माझी शाळाही त्याच भागात आहे. राहायला आम्ही मुंब्र्यात. मी गेली अठरा वर्षं पहाटेची धीमी लोकल पकडतो, पण तो माझ्यापुरता प्रश्न होता. आता सोळा वर्षांच्या पोरीला त्या गर्दीत उभं करायचं, तेही ९ जून २०२५ नंतर, या विचारानं बायकोची झोप उडालीय. त्या सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन लोकल एकमेकींच्या जवळून गेल्या, दारात लटकलेले प्रवासी खाली पडले आणि चौघांचा त्याच दिवशी जीव गेला. त्यानंतर आमच्या घरी 'जवळचं घर' हा शब्द रोज निघतो.

घर कामाजवळ असावं ही आजची चैन वाटते. पण मुंबई शहर वसलंच मुळी या एका अटीवर.

माझे आजोबा रत्नागिरी जिल्ह्यातून बोटीनं मुंबईला आले. जहाजावर खलाशी होते. उतरले ते सरळ डोंगरीत, गावच्या जमातीच्या खोलीवर. कोकणातल्या मुसलमान गावांनी अशा खोल्या घेऊन ठेवल्या होत्या. भिंतीला लागून प्रत्येकाची पत्र्याची पेटी, झोपायला चटई, आणि जहाज लागलं की पेटी तिथंच ठेवून माणूस समुद्रावर. १८८० साली प्रिन्सेस डॉक सुरू झाल्यावर बंदराचं काम वाढलं आणि डोंगरी, उमरखाडी, माझगाव हा पट्टा आमच्या लोकांनी भरत गेला. यात धर्माचा ओढा होताच, नाही असं नाही. पण पहिला हिशेब पायांचा होता. जहाजावर भरती कधी निघेल याचा नेम नसे, आणि निरोप आला की निघायचं. धोबीतलावला गोव्याच्या ख्रिस्ती खलाशांचे कूड होते तेही याच हिशेबानं.

गिरणगावाची गोष्ट वेगळी नाही. ताडदेवला १८५६ साली पहिली कापड गिरणी चालू झाली आणि पुढच्या पन्नास वर्षांत लालबाग-परळपर्यंत चिमण्या उभ्या राहिल्या. बदली कामगाराला पहाटे गिरणीच्या दारात उभं राहावं लागे. कुणी गैरहजर असेल तर त्याची जागा मिळायची, नाहीतर परत खोलीवर. रोज अशी हजेरी लावायची तर चाळ भोंग्याच्या टप्प्यात हवी. मदनपुऱ्यात उत्तरेतून आलेल्या मोमिन विणकरांनी तर हा प्रश्नच मिटवला होता. माग जिथं, बिछाना तिथंच.

आता कुणी म्हणेल, रेल्वे तर होती. होती. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी धावली, चौतीस किलोमीटर. पुढच्याच वर्षी ती आमच्या मुंब्र्यावरून कल्याणला गेली. पण मजुराला तिचं भाडंही परवडत नव्हतं आणि वेळही. १८७४ ची घोड्यांची ट्रामसुद्धा मुख्यतः कारकुनांची आणि पेढीवाल्यांची. गरीब मुंबई पायी चालत होती.

सरकारला हे कळलं नाही, किंवा कळूनही उपयोग झाला नाही. १८९६ ला मांडवीत प्लेग उठला. दोन वर्षांनी सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. त्यानं दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले. आजचा मोहम्मद अली रोड हा त्यातलाच, तेव्हाचं नाव सिडनहॅम रोड. दादर-माटुंग्याला मोकळ्या हवेचे प्लॉट पाडले, म्हणजे लोक तिकडं जातील. पगारदार मध्यमवर्ग गेला. ज्यांची घरं पाडली ते मात्र शेजारच्या गल्लीत आणखी दाटीनं राहिले, कारण हमालीचं काम मांडवीलाच होतं. घर हलवता येतं, मजुरी हलवता येत नाही, एवढी साधी गोष्ट होती.

अंतराचं माप बदललं ते विजेच्या गाडीनं. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची लोकल हार्बर मार्गानं गेली, तीन वर्षांत पश्चिमेला बोरिवलीपर्यंतही वीज आली. तेव्हापासून मुंबईकर अंतर मैलात सांगेनासा झाला. "किती लांब?" विचारलं तर उत्तर मिळतं, "पस्तीस मिनिटं, स्लो."

इथं एक कबुली देतो. आपल्यात अशी तक्रार नेहमी असते की सोसायट्या मुसलमानाला घर देत नाहीत. तक्रार खरी आहे, मी ती भोगतोय. पण या शहरात माणसानं शेजारी निवडूनच घर बांधलं, हेही खरं. गावदेवीची सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी १९१५ ची. देशातल्या सुरुवातीच्या गृहनिर्माण संस्थांपैकी ही एक, आणि ती समाजाच्या नावानंच निघाली. दादरला हिंदू कॉलनी, पारसी कॉलनी. आमची जमातीची खोली तरी काय होती? शेजारच्या गावच्या मुसलमानालाही तिथं पेटी ठेवता येत नसे. २००५ साली अहमदाबादच्या पारसी सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं समाजापुरतं सभासदत्व ठेवणारा नियम मान्य केला, तेव्हा आपल्याला धक्का बसला. पण रीत शंभर वर्षांची होती. फरक एवढाच, आणि तो मोठा आहे: पूर्वी कुठल्याही समाजाची खोली कामापासून चालत जाण्याच्या अंतरावर मिळत असे. दार बंद झालं तरी पुढचं दार त्याच मोहल्ल्यात होतं. आज दार बंद झालं की पुढचं दार चाळीस किलोमीटरवर.

अब्बा बुकबाइंडिंगच्या कारखान्यात होते. आमची खोली दहा बाय बारा, पागडीची. १९४७ च्या भाडे कायद्यानं भाडी १९४० च्या दरावर बांधली, त्यामुळं मालकानं डागडुजी सोडली, जिन्याच्या पायऱ्या झिजल्या, पण गरीब माणूस शहराच्या मध्यात टिकला. या कायद्याला अर्थशास्त्रवाले नावं ठेवतात. ठेवोत. त्याच्यामुळंच माझे अब्बा दुपारी घरी जेवायला येऊ शकत होते. कारखाना सात मिनिटांवर होता.

जानेवारी १९९३ मध्ये ती सात मिनिटं अडली. मी चौदाचा होतो. मधे दोन गल्ल्या अशा होत्या की तिथून अब्बांनी जाऊ नये असं सगळे म्हणत होते. ते अकरा दिवस घरात बसले. ज्या अंतरासाठी आजोबांनी डोंगरी धरली तेच अंतर कापता येईना. श्रीकृष्ण आयोगानं डिसेंबर आणि जानेवारीतले मिळून ९०० मृत्यू मोजले. त्यात ५७५ मुसलमान, २७५ हिंदू. घरात बसलेली माणसं कुठल्या आयोगात मोजत नाहीत.

खरं तर डोंगरी आमचीच वस्ती होती, तिथून कुणी आम्हाला हाकललं नाही. पण अम्मीला आता माडीवरची एक खोली नको होती, 'चारही बाजूंनी आपले' असं काहीतरी हवं होतं. पागडी विकली आणि मुंब्र्याला दोन खोल्या घेतल्या. तिथं कौसा हे जुनं कोकणी मुसलमानांचं गाव, मुंब्रादेवीचा डोंगर, खाडी, आणि भराभर उठणाऱ्या इमारती. कुणी जोगेश्वरीहून आलं, कुणी परळहून, कुणी थेट उत्तर प्रदेशातून. उर्दूत याला मी 'हिजरत' म्हणेन, मराठीत 'स्थलांतर'. मुंब्र्यात विचाराल तर लोक म्हणतात, "शिफ्ट झालो."

अब्बांची नोकरी मात्र शिफ्ट झाली नाही. १९१६ ला पारसिकचा बोगदा झाल्यापासून जलद गाड्या डोंगराच्या पोटातून निघून जाऊ लागल्या आणि मुंब्र्याच्या वाट्याला धीमी आली. हिवाळ्यात अब्बा पहाटेच्या गाडीनं निघत तेव्हा फजरची वेळही झालेली नसे. नमाज ते डोंगरीत उतरून जुन्या मशिदीत पढत. तेरा वर्षं. त्याच डब्यात त्यांना लालबागहून डोंबिवलीला गेलेले माजी गिरणी कामगार भेटत. १९८२ चा संप मोडला, गिरण्यांच्या जमिनींना सोन्याचा भाव आला आणि मराठी माणूस डोंबिवली, बदलापूर, विरारकडे सरकला. त्याला किमतीनं ढकललं, आम्हाला भीतीनं. ठाण्यापर्यंत दोघांनाही बसायला जागा मिळत नव्हती. अब्बांची एका पवारांशी अशी दोस्ती झाली की ईदला शीरखुर्म्याचा डबा गाडीतच पोचायचा.

तर आता आमचं घर शोधणं. भायखळ्यात भाडं माझ्या पगाराच्या निम्म्याहून जास्त. एका एजंटानं फोनवर सगळं ठरवलं, नाव ऐकल्यावर म्हणाला, "सर, सोसायटीत प्रॉब्लेम होईल." 'सर' म्हणायला विसरला नाही. कुर्ल्याला एक घर बरं आहे, मध्य आणि हार्बर दोन्ही गाड्या, भायखळा वीस-पंचवीस मिनिटांवर. घर मुंब्र्यापेक्षा निम्म्याचं, भाडं दुप्पट.

अम्मी ऐकायला तयार नाही. ती म्हणते, "तुझ्या कुर्ल्याला रात्री मला दवाखान्यात न्यायचं झालं तर कोण उठंल? इथं दार वाजवायचीबी गरज नाय." तिच्याकडं पाहिलं की माझा मिनिटांचा हिशेब लंगडा वाटतो. अब्बांच्या मय्यतीला अख्खी इमारत खाली उतरली होती.

गेल्या रविवारी मुलीला घेऊन रस्ता मोजायला निघालो. मुंब्र्याच्या घरापासून कॉलेजच्या फाटकापर्यंत तिच्या फोनवर एक तास चौतीस मिनिटं भरली, तीही सुट्टीच्या दिवशी. येताना कुर्ल्याच्या घरापासून मोजलं, बेचाळीस. मधे तिनं हट्ट केला म्हणून डोंगरीला गेलो. आमची चाळ राहिली नाही, तिथं पत्रे ठोकून टॉवरचं काम चाललंय. पत्र्यासमोर उभं राहून तिनं घड्याळ लावलं आणि कॉलेजपर्यंत चालत गेली, मी मागं. अठरा मिनिटं लागली.